प्रेशर कमी आहे, पण कशापेक्षा कमी?

प्रश्न: नमस्कार दादा. माझ्याकडे जुनी पेट्रोल व्ही-८ पिकअप आहे, आधीच्या मालकाने तिला रूट्स टाईपचा सुपरचार्जर बसवून घेतलाय, बूस्ट म्हणजे त्याने दाबून भरलेल्या हवेचा जादा दाब ८ पीएसआयपर्यंत जातो. आयडलला मस्त, आरामात चालवली तरी काही नाही, पण चढावर किंवा ओव्हरटेक करताना पूर्ण अॅक्सिलरेटर दाबला की साडेतीन-चार हजार आरपीएमच्या पुढे गाडी एकदम बसते, दमच राहत नाही. एकदोनदा आतून बारीक खडखड आवाज पण आला. स्कॅनरवर पी०१७१ आणि पी०१७४ असे दोन कोड आहेत. गॅरेजवाल्याने रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या पाईपवर, गेज लावला, आयडलला ३४ पीएसआय दिसला, म्हणाला ४३ पाहिजे, पंप गेला. नवीन पंप टाकला, फिल्टर पण टाकला, गेज अजूनही ३४ च! आता म्हणतो रेग्युलेटर बदलू, नाहीतर अजून एक पंप जोडू. किती पार्ट बदलत बसू?

उत्तर: आधी एक विनंती, कारण सापडेपर्यंत पूर्ण अॅक्सिलरेटर दाबूच नका. तो खडखड आवाज बहुतेक नॉकिंगचा आहे, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप, धडाक्याने पेटण्याचा. बूस्ट असताना सिलिंडरमध्ये हवा ठासून भरलेली असते आणि अशा वेळी पेट्रोल कमी पडलं तर पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटायला किंवा पिस्टनला भोक पडायला काही सेकंद पुरतात. साध्या इंजिनात लीन झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, तर गाडी झटके देते, तुम्हाला वेळ मिळतो. इथे तो वेळ मिळत नाही, म्हणून एवढं कळकळीने सांगतोय.

आता ३४ बद्दल. तुमच्या गाडीला आयडलला ३४ पीएसआय हे कमी नाहीये, बरोबर आहे! पंप काढायच्या आधी हे कोणीतरी सांगायला हवं होतं. तुमच्याकडे रिटर्न लाईनवाली सिस्टीम दिसतेय, म्हणजे रेलच्या टोकाला रेग्युलेटर असतो आणि जास्तीचं पेट्रोल परत टाकीत जातं. त्या रेग्युलेटरला एक बारीक होज मॅनिफोल्डकडून, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणाऱ्या भागाकडून, येते. होज काढून ठेवली की तो जो आकडा धरतो ते बेस प्रेशर, बऱ्याच गाड्यांत ते ३ बार म्हणजे ४३.५ पीएसआय असतं. होज लावली की मॅनिफोल्डमध्ये जे चाललंय ते त्यात मिळतं किंवा वजा होतं. आयडलला साधारण १८ इंच मर्क्युरी व्हॅक्यूम असतो, पीएसआयमध्ये जवळपास ९. ४३.५ मधून ९ गेले, राहिले साडेचौतीस. म्हणजे गेज खरं बोलत होता, वाचणाऱ्याने मॅन्युअलमधला होज काढलेला आकडा होज लावलेल्या गाडीला लावला.

हे असं का केलेलं असतं ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. इंजेक्टरच्या एका बाजूला रेलचं प्रेशर आणि दुसऱ्या बाजूला, जिथे तो फवारा मारतो तिथे, मॅनिफोल्डचं प्रेशर. पेट्रोल किती जाणार ते या दोन्हींमधल्या फरकावर ठरतं, नुसत्या रेलच्या आकड्यावर नाही. आयडलला पलीकडे व्हॅक्यूम पेट्रोल ओढत असतो म्हणून रेलचं प्रेशर खाली आणतात, बूस्टमध्ये पलीकडून हवा उलटी ढकलत असते म्हणून तेवढंच वर नेतात, फरक कायम ४३.५ च राहतो. त्यामुळे ८ पीएसआय बूस्टला तुमच्या गेजवर ५१-५२ दिसायला पाहिजे. आणि त्या वेळी ४३ दिसले तर? मॅन्युअलप्रमाणे बरोबर, इंजेक्टरच्या दृष्टीने ८ पीएसआयने कमी! म्हणून सुपरचार्जरवाल्या गाडीत प्रेशर किती हा प्रश्न अर्धाच आहे, त्या क्षणी मॅनिफोल्डमध्ये किती होतं हे सोबत लिहिलं नसेल तर त्या आकड्याचा काही उपयोग नाही.

मग काय करायचं. पहिलं काम उभ्या गाडीवर, पाच मिनिटांचं. आयडलला होज रेग्युलेटरवरून काढा, होजचं तोंड बोटाने बंद करा, गेज ४३ च्या आसपास यायला पाहिजे. काढलेली होज आतून नीट बघा, वास घ्या. ओली असेल, पेट्रोलचा वास येत असेल तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय, तो लगेच बदला कारण ते पेट्रोल सरळ इंजिनात जातंय.

तुमचा त्रास मात्र लोडवरचा आहे, तो उभ्या गाडीवर दिसणार नाही. आयडलला इंजिन नखाएवढं पेट्रोल पितं, थकलेला पंपसुद्धा तेवढं देतो, आणि रेग्युलेटर बाकीचं परत पाठवून आकडा छान धरून ठेवतो. लोडवर हिशोबच वेगळा. सुपरचार्ज्ड पेट्रोल इंजिनला ढोबळमानाने दर हॉर्सपॉवरमागे तासाला ०.६ पाउंड पेट्रोल धरतात. ४०० हॉर्सपॉवरला झाले २४० पाउंड, म्हणजे १०९ किलो, म्हणजे जवळपास १४७ लिटर ताशी, मिनिटाला अडीच लिटरच्या आसपास, आणि तेही ५१ पीएसआयच्या विरोधात ढकलून. पंपाच्या डब्यावर लिहिलेला लिटरचा आकडा बहुतेक ४० पीएसआय आणि साडेतेरा व्होल्टला मोजलेला असतो. प्रेशर वाढलं की पंपातून येणारं पेट्रोल कमी होतं, व्होल्टेज घटलं की अजून कमी. सुपरचार्जरवाल्या गाडीत नेमक्या ज्या वेळी जास्त पाहिजे त्याच वेळी पंपावर ताण सगळ्यात जास्त असतो.

तर लोडवर बघायचं कसं. सगळ्यात चांगलं म्हणजे डायनो, चाकं रोलरवर फिरवून लोड देणारं मशीन, गाडी जागेवर, माणूस बाजूला उभा राहून गेज बघतो, हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावलेला असतो, लीन व्हायला लागली की लगेच सोडता येतं. ते नसेल तर रेलवर इलेक्ट्रिक प्रेशर सेन्सर लावून बूस्ट, आरपीएम आणि एअर-फ्युएल रेशोसोबत (एक भाग पेट्रोलला किती भाग हवा) लॉग करा. तेही नसेल तर लांब होजचा मेकॅनिकल गेज काचेवर बाहेरून घट्ट चिकटवायचा आणि मोबाईलने शूट करायचं, पण बाहेरूनच हं! पेट्रोल भरलेली होज केबिनच्या आत कधीही, काहीही झालं तरी आणायची नाही. गेज जोडताना इंजिन थंड, रेलचं प्रेशर आधी सोडलेलं, नोझलवर फडका, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. आणि रस्त्यावर दोन माणसं लागतात, एक चालवणारा आणि एक बघणारा, चालवणाऱ्याने गेजकडे बघायचं नाही. तीनचार सेकंदांचा एक झटका पुरे, रेशो १२.५ च्या वर सरकायला लागला की पाय काढायचा. अशा इंजिनला पूर्ण लोडवर साधारण ११.५ ते १२ हवा असतो.

गेज काय करतोय त्यावरून दिशा ठरते. बूस्टबरोबर चढला आणि मग आरपीएम वाढल्यावर घसरत गेला तर पुरवठा कमी पडतोय, म्हणजे पंप, फिल्टर, जाळी, टाकीतली होज किंवा पंपाला मिळणारी वीज. बूस्ट येऊनही ४३ वर ठाम बसून राहिला, ना वर ना खाली, तर पुरवठा आहे पण रेग्युलेटरला बूस्टची खबरच पोचत नाहीये. होज काढूनसुद्धा आयडललाच कमी असेल तर मात्र रेग्युलेटर किंवा पंप, तिथे रिटर्न लाईनचा रबरी भाग क्षणभर हलकेच दाबून बघता येतो, प्रेशर झपकन वर गेलं तर पंपात जोर आहे आणि रेग्युलेटर गळतोय. क्षणभरच, कारण ते ८० च्या पुढे जाऊ शकतं, आणि नायलॉनच्या किंवा लोखंडी पाईपला कधी चिमटा लावायचा नाही.

कोडबद्दल थोडं. पी०१७१ आणि पी०१७४ म्हणजे दोन्ही बँक, व्ही-८ च्या दोन्ही बाजूंचे सिलिंडर, लीन, एवढंच. ते कोड क्लोज्ड लूपमधल्या फ्युएल ट्रिमवरून येतात, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर बघून कम्प्युटर पेट्रोल जे कमी-जास्त करतो त्यावरून, पूर्ण अॅक्सिलरेटरला कम्प्युटर बहुतेक वेळा ट्रिम बघतच नाही. म्हणून स्कॅनरवर ट्रिम तीन ठिकाणी वाचा, आयडल, एकसारख्या वेगात, आणि अर्ध्या अॅक्सिलरेटरला चढावर. आयडलला ट्रिम खूप प्लस आणि वेग वाढला की कमी होत असेल तर कुठेतरी हवा लीक आहे, सुपरचार्जरच्या खालच्या गॅस्केटपासून शोधा. उलट आयडलला ठीक आणि लोड वाढेल तसा प्लस वाढतोय तर पेट्रोल कमी पडतंय किंवा मास एअरफ्लो सेन्सर घाण होऊन कमी हवा सांगतोय. हे दोन वेगळे कसे करायचे? गेजने. प्रेशर बरोबर असूनही लीन असेल तर सेन्सरकडे वळा.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पंपाच्या कनेक्टरवर, इंजिन चालू असताना, व्होल्टेज मोजून कळवा. नुसतं वीज येतेय का ते नको, किती येतेय ते हवं.

प्रश्न: दादा, मागच्या अंकातलं उत्तर वाचून सगळं केलं. होज काढल्यावर ४३, लावल्यावर ३४, होज कोरडी. डायनोवर ३००० आरपीएमला बूस्ट ७ आणि गेज ४९, ४५०० ला बूस्ट ८ आणि गेज ३८! तिथेच थांबवलं. आयडलला बॅटरीवर १३.९ व्होल्ट आणि पंपाच्या कनेक्टरवर ११.५. मित्र म्हणतो ११.५ ठीकच आहे, पंप फिरतोय ना. क्लॅम्प मीटरवर साडेनऊ अँपिअर दिसले. आता?

उत्तर: छान काम केलंत, थांबलात हे तर फारच छान. ४५०० ला रेल ३८ आणि पलीकडे ८, म्हणजे इंजेक्टरला खरा फरक मिळाला ३० पीएसआय. पाहिजे होता ४३. इंजेक्टरचं पेट्रोल प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं, ३० भागिले ४३ चं वर्गमूळ जवळपास ०.८३५ येतं, म्हणजे १६-१७ टक्के पेट्रोल कमी. जिथे ११.८ रेशो असायला हवा तिथे १४ च्या पुढे गेला असणार. शांत रस्त्यावर आरामात जाताना १४ चालतो, ८ पीएसआय बूस्टला तो इंजिन मारतो. तुम्ही ऐकलेली खडखड तीच.

आणि कारण तुमच्या पत्रातच आहे. १३.९ वजा ११.५, वाटेत २.४ व्होल्ट गायब. पंप फिरतोय हे मित्राचं म्हणणं खरं आहे पण फिरणं आणि पुरेसं ढकलणं यात फरक आहे. साडेनऊ अँपिअरला २.४ व्होल्ट म्हणजे वाटेत कुठेतरी पाव ओहम रेझिस्टन्स बसलाय. पाव ओहम! मल्टिमीटरने नुसता रेझिस्टन्स मोजला असता तर सापडलाच नसता, मीटरच्या वायरीच जवळजवळ तेवढं दाखवतात, आणि गंजलेली पिन करंट नसताना चांगलीच वागते. म्हणूनच इंजिन चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप मोजायचा असतो. नवीन पंपालाही हीच उपाशी वीज मिळाली, म्हणून पंप बदलून काडीचा फरक पडला नाही. आणि दुसरा पंप त्याच वायरवर जोडला असता तर करंट दुप्पट, ड्रॉप दुप्पट, दोन्ही पंप अर्धपोटी. जुना पंप फेकला नसेल तर ठेवा जपून, तो बहुतेक चांगलाच असेल.

आता जागा शोधा. मीटर डीसी व्होल्टवर, लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं पंपाच्या प्लस पिनला मागून, इंजिन चालू. जो आकडा येईल तो सरळ प्लस बाजूचा ड्रॉप, अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. मग पंपाची मायनस पिन ते बॅटरीची मायनस, इथे ०.२ ते ०.३ च्या वर नको. ज्या बाजूला जास्त आहे तिथे एकेक टप्पा मागे या, बॅटरी ते फ्यूज, फ्यूज ते रिलेची येणारी पिन, रिलेच्या आरपार, रिले ते टाकीजवळचा कनेक्टर. एका टप्प्यावर आकडा उडी मारतो, तिथेच दुखणं. माझ्या अनुभवात रिलेचे जळके पॉइंट, रिलेच्या सॉकेटमधली सैल पिन, आणि चेसिसवर गंजलेलं अर्थिंग हे तिघं बहुतेक वेळा सापडतात. पिकअपचं अर्थिंग मागे चेसिसवर चिखलपाण्यात असतं, बोल्ट वरून चकचकीत आणि वायरच्या टोकाच्या लगखाली हिरवा बुरा. टाकीच्या वरच्या झाकणातून वायर आत जाते तो कनेक्टरही बघा, पिनेच्या बाजूचं प्लास्टिक तपकिरी झालं असेल, वितळल्यासारखं दिसत असेल तर तो पूर्ण बदला, साफ करून चालणार नाही.

सुपरचार्जर नंतर बसवलेल्या गाडीत मी असा कनेक्टर सापडला तरी नुसता तेवढाच बदलून थांबत नाही. कंपनीची वायर साध्या इंजिनच्या पंपाच्या हिशोबाने टाकलेली असते. बॅटरीवरून नवीन जाड वायर ओढा, ४ स्क्वेअर एमएम तांब्याची, पाच मीटरला तिचा रेझिस्टन्स ०.०२ ओहमच्या आसपास येतो, ११ अँपिअरला जेमतेम पाव व्होल्ट जाईल. बॅटरीजवळच फ्यूज, मग नवीन रिले, मग पंप, आणि अर्थिंगसाठीही तेवढीच जाड वायर. जुनी पंपाची वायर फेकायची नाही, ती नवीन रिलेला चालू-बंद करायला वापरायची. हे नीट ऐका, काही जण नवीन रिले सरळ चावीच्या लाईनवर टाकतात. मग इंजिन बंद पडलं किंवा ठोकर लागली तरी पंप पेट्रोल ढकलत राहतो, आणि लाईन फुटलेली असेल तर आग. कम्प्युटर पंप बंद करतो ती सोय हात न लावता तशीच राहिली पाहिजे.

हे झाल्यावर परत डायनोवर जा. ४५०० ला ५१ आले तर संपलं. ४७-४८ पर्यंतच आले तर वीज सुधारली पण अजून काहीतरी अडतंय, तेव्हा टाकी उघडावी लागेल. आत बघायचं ते म्हणजे जाळी बरोबर बसलीये का, आणि पंपापासून झाकणापर्यंतचा तो छोटा होजचा तुकडा. त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. बाहेर वापरायची साधी फ्युएल होज पेट्रोलमध्ये बुडवून ठेवली की बाहेरून फुगते, तडकते, आणि पंपाचं निम्मं पेट्रोल टाकीतल्या टाकीतच परत पडतं. बुडवायला चालणारी होज वेगळी येते, तिच्यावर ३०आर१० असं छापलेलं असतं. पंप बदलणाऱ्याने कुठली घातली ते तुम्हाला डोळ्यांनीच बघावं लागेल. टाकी पाव झाली की त्रास वाढतो आणि भरली की कमी होतो असं असेल तर वळणावर किंवा चढावर पेट्रोल जाळीपासून दूर जातंय, पंपाभोवतीची वाटी किंवा तिच्यात पेट्रोल ओढणारा जेट बिघडलाय.

क्लॅम्प मीटरबद्दल एक गोष्ट राहिली, करंटही बोलतो. पंपाच्या पुढे फिल्टर चोंदला असेल तर पंप जोर लावतो आणि करंट वाढतो, पंप आतून झिजला असेल किंवा आतली होज गळत असेल तर प्रेशरही कमी आणि करंटही कमी. तुमचे साडेनऊ अँपिअर ११.५ व्होल्टला आहेत, वायरिंग सुधारल्यावर परत मोजून आकडा कुठेतरी लिहून ठेवा, दोन वर्षांनी त्याच्याशी तुलना करता येईल.

प्रश्न: माझ्या पिकअपला पण सुपरचार्जर आहे पण माझा त्रास उलटा आहे. पंप मोठा, वायरिंग नवीन, व्होल्टेज १३.६. लोडवर गेज मात्र ४३ वरून हलतच नाही, बूस्ट ६ असो की शून्य. रेग्युलेटर दोनदा बदलला.

उत्तर: दोन रेग्युलेटर सारखेच वागले म्हणजे रेग्युलेटर निर्दोष आहे, त्याला चुकीची बातमी मिळतेय. खात्री करायची तर एक सोपी टेस्ट आहे. इंजिन आयडलला, होज काढून तिचं तोंड बंद करा, आणि रेग्युलेटरच्या नळीला गेजवाला छोटा हातपंप जोडून हळूच ५ पीएसआय हवा भरा. रेलचा गेज ४३ वरून ४८ ला गेला तर रेग्युलेटर शंभर टक्के चांगला.

आता होजचं दुसरं टोक कुठे जातंय ते हाताने चाचपत जा. तुमच्यासारख्या गाडीत हवेचा रस्ता असा असतो, आधी थ्रॉटल, मग सुपरचार्जर, मग मॅनिफोल्ड. बूस्ट फक्त सुपरचार्जरच्या पुढे, मॅनिफोल्डमध्ये असतो. थ्रॉटल आणि सुपरचार्जर यांच्या मधल्या जागेत कधीच बूस्ट नसतो, अॅक्सिलरेटर बंद असताना व्हॅक्यूम आणि पूर्ण दाबला की जवळपास बाहेरच्या हवेएवढं प्रेशर. बूस्ट नको तेव्हा हवा परत फिरवणाऱ्या बायपास व्हॉल्व्हच्या डबीला जाणारी होज बऱ्याच किटमध्ये नेमकी याच जागेतून निघते, आणि ती हाताला सहज लागते, म्हणून बसवणारा तिथेच टी टाकून रेग्युलेटर जोडतो. आयडलला ३४ च्या आसपास येतं, सगळं बरोबर वाटतं, आणि पूर्ण लोडवर रेग्युलेटरला बाहेरची साधी हवा दिसते म्हणून तो ४३ देतो. तुमचं वर्णन अगदी तसंच आहे. होज सुपरचार्जरच्या खाली मॅनिफोल्डवर, शक्यतो बूस्ट गेज जिथून घेतलाय तिथून, पण स्वतःची वेगळी न्या.

जागा बरोबर असेल तर दोन्ही टोकांना क्लिप आहे का बघा. व्हॅक्यूममध्ये होज आत ओढली जाते म्हणून सैल असली तरी धरून राहते, बूस्टमध्ये बाहेर ढकलली जाते, उडते आणि पाय काढला की परत टेकते. जुन्या प्लास्टिकच्या टीला केसाएवढी चीरही पुरते.

प्रश्न: माझ्या गाडीला रिटर्न लाईनच नाहीये, रेलवर होज पण नाही. मग हे सगळं मला लागू आहे का?

उत्तर: तत्त्व तेच, मोजायची पद्धत वेगळी. साध्या रिटर्नलेस सिस्टीममध्ये रेग्युलेटर टाकीत असतो आणि रेल कायम एका आकड्यावर, समजा ५८ पीएसआय. ८ पीएसआय बूस्टला फरक राहतो ५०, म्हणजे मूळच्यापेक्षा ७ टक्के पेट्रोल कमी. हे दुखणं नाही, पण ट्यून करणाऱ्याने, म्हणजे कम्प्युटरमधला पेट्रोलचा हिशोब बसवणाऱ्याने, ते धरलेलं असायला पाहिजे, नाहीतर सगळे पार्ट नवे असूनही गाडी लीन चालणार. दुसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक, रेलवर सेन्सर असतो आणि कम्प्युटर पंपाला हवी तेवढीच वीज देतो. तिथे स्कॅनरवर मागितलेलं प्रेशर, मिळालेलं प्रेशर आणि पंपाची ड्युटी (त्याला किती टक्के वेळ वीज मिळतेय) हे तीन आकडे एकत्र बघा. ड्युटी शेवटाला जाऊन टेकली आणि तरी मिळालेलं कमी, तर पंप, वायरिंग किंवा पंपाचं कंट्रोल मॉड्युल. पण त्याआधी एकदा मेकॅनिकल गेज लावून सेन्सर खरं सांगतोय का ते बघा, सेन्सर जास्त दाखवत असेल तर कम्प्युटर समाधानी आणि इंजिन उपाशी. अशा पंपाचं व्होल्टेज साध्या मीटरवर कमीच दिसतं कारण वीज तुकड्यातुकड्याने दिली जाते, ते बघून घाबरू नका, ड्रॉप मॉड्युलच्या आधी मोजा.

इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं असेल तर फक्त टाकीकडून येणाऱ्या कमी प्रेशरच्या बाजूला गेज लावायचा. इंजिनवरच्या पंपाच्या पुढे हजारो पीएसआय असतात, तिथे नट सैल करणंसुद्धा जिवावर बेतू शकतं, ती बाजू स्कॅनरवरच वाचा.

प्रश्न: अॅडजस्टेबल रेग्युलेटर लावून बेस ५० केला तर लीनचा प्रश्न सुटेल ना?

उत्तर: पुरवठा कमी पडत असेल तर उलट वाढेल. पंप जितक्या प्रेशरविरुद्ध ढकलतो तितकं कमी देतो, तुम्ही त्याला अजून उंच भिंत चढायला लावताय. आयडलला आकडा देखणा दिसेल, ट्रिम मायनसमध्ये जातील, आणि वरच्या आरपीएमला घसरण आधीपेक्षा लवकर सुरू होईल. पंपात आणि वायरिंगमध्ये दम आहे हे लोडवर सिद्ध झालं आणि इंजेक्टरच छोटे पडतायत, तर बेस वाढवणं योग्य आहे, तेव्हाही ट्यून सोबत बदलायला हवं.

प्रश्न: रात्रभर उभी राहिली की सकाळी खूप वेळ सेल मारावा लागतो, नंतर दिवसभर ठीक. सुपरचार्जरमुळे असेल का?

उत्तर: नाही, सुपरचार्जरचा संबंध नाही. इंजिन बंद केल्यावर रेलमधलं प्रेशर उतरतंय. गेज लावून बंद करा आणि बघा, काही मिनिटांत शून्याकडे गेलं तर तीनच वाटा, पेट्रोल उलटं टाकीत जाऊ न देणारा पंपातला चेक व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर. परत प्रेशर भरून टाकीकडून येणाऱ्या लाईनचा रबरी भाग चिमट्याने बंद करा, आता टिकलं तर चेक व्हॉल्व्ह. नाही टिकलं तर रिटर्नचा भाग बंद करून बघा, तेव्हा टिकलं तर रेग्युलेटर. दोन्हीकडे बंद करूनही उतरत असेल तर इंजेक्टर गळतोय आणि त्याला थांबू नका, ते पेट्रोल सिलिंडरमध्ये साचून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकचा वास घ्या, पेट्रोल येत असेल तर इंजेक्टर काढून ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालू करू नका. चेक व्हॉल्व्हच निघाला तर घाई नाही, चावी दोनतीनदा ऑन-ऑफ करून पंपाला रेल भरू द्या आणि मग सेल मारा, पंप बदलायची वेळ येईल तेव्हा बदलेल.